हाडांचे इंजेक्शन घेऊन गावी परतल्यावर : स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रियांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार नागपुरात, सेवाग्रामला, सावंगीला किंवा अमरावतीला होतात. त्यांचा त्रास मात्र गावी परतल्यावर, बहुधा रात्री, सुरू होतो आणि तेव्हा विचारायला जवळ कोणी नसते. किमोबद्दल घरच्यांना थोडीफार कल्पना दिलेली असते. ‘हाडाचे इंजेक्शन’ मात्र उपचारांच्या यादीत शेवटी येते, थोड्या वेळात संपते, त्याने केस गळत नाहीत, म्हणून त्याविषयी फारसे कोणी समजावून सांगत नाही. हा लेख हे इंजेक्शन पहिल्यांदाच घेणाऱ्या स्त्रीसाठी आणि तिच्यासोबत दवाखान्यात जाणाऱ्या माणसासाठी आहे. औषधाची मात्रा ठरवणे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे काम आहे. गावात राहून कोणता त्रास घरीच काढता येतो, कोणत्या त्रासासाठी त्याच दिवशी निघावे लागते आणि कोणता त्रास आधीच टाळता येतो, एवढेच येथे क्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी : कोणते इंजेक्शन, आणि कशासाठी

दवाखान्यात दोन औषधे प्रामुख्याने वापरली जातात. एक झोलेड्रोनिक ॲसिड, जे सलाईनमधून शिरेत दिले जाते. दुसरे डेनोसुमॅब, जे दंडात, मांडीत किंवा पोटावर त्वचेखाली टोचले जाते. आपल्या हाडात जुने हाड झिजवणाऱ्या आणि नवे बांधणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी सतत काम करीत असतात. ही दोन्ही औषधे वेगवेगळ्या मार्गांनी झिजवणाऱ्या पेशींना आवर घालतात. ही किमो नव्हे, हे घरच्यांना सुरुवातीलाच सांगून ठेवावे, म्हणजे निम्मी धास्ती कमी होते.

इंजेक्शन देण्याची कारणे मात्र वेगवेगळी असतात आणि त्यावरून धोकाही बदलतो. काही स्त्रियांचा आजार हाडात पसरलेला असतो. त्यांना झोलेड्रोनिक ॲसिड दर तीन-चार आठवड्यांनी किंवा दर बारा आठवड्यांनी, अथवा डेनोसुमॅब १२० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी दिले जाते. हाड मोडू नये, दुखणे कमी व्हावे, हा हेतू. इतर काही स्त्रियांचा आजार हाडात गेलेलाच नसतो, पण लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल यांसारख्या गोळ्यांमुळे शरीरातील इस्ट्रोजेन घटते आणि हाडे विरळ होऊ लागतात. त्यांना ही औषधे सहसा सहा महिन्यांतून एकदा देतात. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये झोलेड्रोनिक ॲसिडच्या गटातील औषधांमुळे आजार हाडात परतण्याचे प्रमाण कमी होते, हे ‘द लान्सेट’मध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, अठरा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करणाऱ्या अभ्यासातून दिसून आले. म्हणून ‘हाडाचे इंजेक्शन लिहिले, म्हणजे आजार हाडात गेला’ असा अर्थ घरी बसून काढू नये. डॉक्टरांना सरळ विचारावे आणि उत्तर फाईलच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावे : औषधाचे नाव, मात्रा, किती दिवसांनी, कशासाठी. जबड्याचे हाड उघडे पडण्याचा आणि रक्तातील कॅल्शियम घसरण्याचा धोका महिन्या-महिन्याला इंजेक्शन घेणाऱ्या स्त्रियांना अधिक असतो, सहा महिन्यांनी घेणाऱ्यांना बराच कमी. त्यामुळे ही नोंद पुढे प्रत्येक वेळी उपयोगी पडते.

दुसरी पायरी : तारीख ठरण्याआधी दात दाखवावेत

माझ्या मते संपूर्ण उपचारातील ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी आहे. या औषधांनी हाडाची झीज थांबते, तशी जबड्याच्या हाडाची स्वतःला दुरुस्त करण्याची ताकदही मंदावते. अशा काळात दात काढला किंवा हिरडीत जुनाट पू असला, तर कधीकधी जखम भरून येत नाही, हाड उघडे पडते आणि ते महिनोन्‌महिने तसेच राहते. अमेरिकेतील मुखशल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ साली अशा रुग्णांची पहिली नोंद केली आणि तेव्हापासून इंजेक्शनच्या आधी दाताची तपासणी हा नियमच झाला. हा त्रास शंभरातील मोजक्याच रुग्णांना होतो, परंतु एकदा झाला की लवकर सुटत नाही.

विदर्भात ही पायरी आणखी महत्त्वाची ठरते, त्याचे कारण खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली ती पुडी चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळकडे पुरुषांप्रमाणे स्त्रियांच्या ओच्यातही सापडते; छत्तीसगडच्या सीमेकडील गावांत तिच्या जोडीला गुडाखू (दातांना लावायची तंबाखू-गुळाची लुगदी) असतो. वर्षानुवर्षे गालाच्या एकाच बाजूला पुडी ठेवली, की त्या बाजूच्या हिरड्या दातांपासून सुटतात, मुळे उघडी पडतात, दाढा हलू लागतात आणि तोंड पुरेसे उघडतही नाही. स्त्रिया हे डॉक्टरांना सांगत नाहीत, कारण सोबत सासरा, दीर किंवा मुलगा उभा असतो. सोबत आलेल्या माणसाने त्या वेळी बाहेर जाऊन थांबावे. एवढ्याने पुष्कळ काम होते. ज्यांना सोडायचे आहे त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ ही तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा आहे.

घरी एक साधी पाहणी करता येते. दिवसाउजेडी दारात बसून, मोबाईलच्या बॅटरीच्या प्रकाशात, मुलीने किंवा सुनेने तोंडात बघावे : कोणती दाढ बोटाने हलते, कुठे काळी कीड आहे, कुठल्या हिरडीवर बारीक फोडासारखा उंचवटा येऊन जातो आणि दाबल्यावर खारट पाणी सुटते, कोठे तुटलेल्या दाताचे बूड राहिले आहे. जुन्या बुडाला स्त्रिया ‘ते काही दुखत नाही’ म्हणून सोडून देतात. दंतवैद्याला नेमके तेच दाखवावे. तपासणीसाठी नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय, सावंगीचे दंत महाविद्यालय किंवा जवळच्या उपजिल्हा रुग्णालयातील दंतचिकित्सक यांपैकी जे सोयीचे असेल ते निवडावे. तेथे एकच वाक्य आधी सांगावे : ‘मला कर्करोगासाठी हाडांचे इंजेक्शन सुरू होणार आहे, जे काढायचे किंवा भरायचे ते त्याआधी करून द्या.’ दात काढल्यास जखम पूर्ण भरेपर्यंत काही आठवडे जातात. तेवढ्यासाठी इंजेक्शन पुढे ढकलायचे की नाही, हे दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवावे. ते आपण परस्पर ठरवू नये.

कवळी वापरणाऱ्या स्त्रियांनी ती कुठे टोचते का ते दाखवून घासून घ्यावी आणि रात्री काढून ठेवावी. दात घासायला मऊ ब्रश आणि साधी पेस्ट पुरेशी आहे. राखुंडी, विटेची भुकटी आणि तंबाखूचे मंजन बंद करावे.

तिसरी पायरी : रक्ताच्या तपासण्या आणि ‘ड’ जीवनसत्त्व

इंजेक्शनच्या आधी रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करते हे दाखवणारा आकडा) आणि कॅल्शियम तपासले जाते, आणि शक्य असल्यास ‘ड’ जीवनसत्त्वही. झोलेड्रोनिक ॲसिड मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंड थकलेले असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा ते औषध देतच नाहीत. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात (जमिनीतील पाणी खारे असलेल्या भागात) मूत्रपिंडाच्या तक्रारी नव्या नाहीत, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या स्त्रियांमध्ये त्या अधिक असतात. त्यामुळे ‘मागच्या वेळी रिपोर्ट चांगला होता’ म्हणून या वेळची तपासणी वगळू नये. झोलेड्रोनिकसाठी क्रिएटिनिन प्रत्येक वेळी बघितले जाते. गावाजवळ खात्रीची प्रयोगशाळा असेल तर दोन-तीन दिवस आधी तपासणी करून अहवाल सोबत न्यावा. नाही तर नागपूरला पोहोचल्यावर रिपोर्टची वाट बघण्यात दिवस जातो आणि परतीची बस चुकते.

उन्हात राबणाऱ्या स्त्रीच्या अंगात ‘ड’ जीवनसत्त्व भरपूर असेल, हा समज फसवा आहे. कापूस वेचायला किंवा निंदायला जाणारी बाई नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा घालते, डोक्याला व तोंडाला दुपट्टा बांधते. त्वचेला ऊन लागायला जागाच राहत नाही. त्यातून आजारपणात घरात बसणे वाढते. ‘ड’ कमी असताना हे इंजेक्शन दिले तर कॅल्शियम झपाट्याने घसरू शकते, विशेषतः डेनोसुमॅबनंतर. म्हणून आधी ‘ड’ची कमतरता भरून काढतात. त्यासाठी मिळणारी ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतल्याने कॅल्शियम धोकादायक वाढते आणि मूत्रपिंडाला इजा होते. कॅलेंडरवर रविवारी किंवा बाजाराच्या दिवशी खूण करून ठेवावी, म्हणजे घोळ होत नाही.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दातांवर पिवळट-तपकिरी डाग आणि लहानपणापासून आखडलेले सांधे असतील तर डॉक्टरांना हे अवश्य सांगावे, कारण अशा हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत आकडा वरवर चांगला दिसून फसगत होऊ शकते.

चौथी पायरी : इंजेक्शनचा दिवस

आदल्या दिवसापासून पाणी नेहमीपेक्षा जास्त प्यावे. एसटीत लघवीची अडचण नको म्हणून स्त्रिया पहाटेपासून पाणीच पीत नाहीत, आणि एप्रिल-मेच्या चाळिशीपलीकडच्या उन्हात चार तासांचा प्रवास करून कोरड्या पडलेल्या शरीराने खुर्चीवर बसतात. मूत्रपिंडाला हे मानवत नाही. बसस्थानकावरची अडचण खरी आहे, म्हणून दवाखान्यात थोडे लवकर पोहोचून तेथे दोन-तीन पेले पाणी प्यावे, हा व्यवहार्य मार्ग. मात्र हृदयाचा त्रास असल्याने ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी त्याच मोजमापात राहावे. उपाशी जाण्याची गरज नाही. भाकरी खाऊन निघावे.

झोलेड्रोनिकची सलाईन किमान पंधरा मिनिटे चालली पाहिजे. लवकर परतायचे आहे म्हणून ‘थोडी जोरात सोडा’ असे परिचारिकेला कधीही म्हणू नये; घाईने गेलेल्या औषधाचा भार मूत्रपिंडावर पडतो. काही कुटुंबे बाटली विकत घेऊन तालुक्याच्या खासगी दवाखान्यात ती लावून घेतात. तेथील डॉक्टरांची तयारी असेल तर त्यात गैर नाही, पण कर्करोगाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद सोबत असावा. त्यावर क्रिएटिनिनचा ताजा आकडा, मात्रा आणि हे औषध साध्या सलाईनमध्ये मिसळावे, कॅल्शियम असलेल्या आरएलच्या (रिंगर लॅक्टेटच्या) बाटलीत मिसळू नये, एवढे स्पष्ट लिहिलेले असावे. डेनोसुमॅब फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवायचे औषध आहे. ते नागपुरातून घेऊन उन्हाळ्यात पिशवीतून गावी आणणे म्हणजे हजारो रुपये पाण्यात घालणे होय. ते दवाखान्यातच टोचून घ्यावे.

खर्चाबाबत रुग्णालयातील आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयी पहिल्याच दिवशी विचारावे. शिधापत्रिका आणि आधार सोबत ठेवावे. स्त्रियांना एसटीत मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहेच, आणि कर्करुग्णांना एसटी व रेल्वेत उपचाराच्या प्रवासासाठी वेगळी सवलत मिळते. तिचा दाखला दवाखान्यातून सही-शिक्क्यासह घ्यावा.

पाचवी पायरी : पहिले तीन दिवस

झोलेड्रोनिकच्या पहिल्या सलाईननंतर साधारण एका दिवसाच्या आत अनेकींना ताप येतो. संध्याकाळी गावी पोहोचावे, जेवण करून आडवे व्हावे, आणि मध्यरात्री दात वाजतील इतकी थंडी भरावी. सकाळी कंबर, मांड्या, बरगड्या असे सगळेच दुखू लागते. ‘अंग ठणकून राह्यलं, जसं कोणी काडीनं बदडलं,’ असे वर्णन आमच्याकडच्या बाया करतात आणि ते अगदी नेमके आहे. शरीराच्या संरक्षक पेशी औषधाने एकाएकी चेततात, त्यामुळे हे होते. बहुधा दोन-तीन दिवसांत ते ओसरते. दुसऱ्या वेळी ते पुष्कळ सौम्य असते किंवा येतच नाही. पहिल्या अनुभवाने घाबरून ‘हे इंजेक्शन मला सोसत नाही’ म्हणत उपचार सोडणाऱ्या स्त्रिया असतात. त्यांना ही एक गोष्ट आधी कोणी सांगितली असती तर त्यांनी तो सोडला नसता.

उपाय साधा आहे. पॅरासिटामॉलची ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची गोळी गरजेप्रमाणे दर सहा तासांनी घ्यावी, दिवसात चारपेक्षा अधिक नको. यकृताचा आजार असल्यास आधी विचारावे. काही डॉक्टर ती सलाईनच्या आधीच देतात. पाणी, पातळ वरण, भाताची पेज, ताक घ्यावे आणि दोन दिवस विश्रांती. म्हणून पहिल्या इंजेक्शनची तारीख घरातले लग्न, पोळा किंवा वेचणीची घाई यांच्याशी जुळू देऊ नये. त्या दोन दिवसांत पाणी भरणे आणि चूल दुसऱ्या कोणी तरी सांभाळायची, हे आधीच ठरलेले असावे.

येथे गावातल्या डॉक्टरांचा प्रश्न येतो. ताप आणि अंगदुखी म्हटली की डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन आणि एक बाटली, हा अनेक ठिकाणचा रिवाज आहे. नुकतेच झोलेड्रोनिक घेतलेल्या स्त्रीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके मूत्रपिंडावर दुहेरी ताण देतात. म्हणून गावातल्या डॉक्टरांकडे जाताना फाईल न्यावीच, आणि ती नसेल तर पुढील मजकुराची चिठ्ठी मोबाईलच्या आवरणात ठेवावी : ‘मला कर्करोगासाठी हाडांचे इंजेक्शन दिले आहे. औषधाचे नाव …, तारीख …. विचारल्याशिवाय डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके देऊ नयेत आणि दात काढू नये.’ खाली उपचार करणाऱ्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक. चांगला डॉक्टर अशा चिठ्ठीने दुखावला जात नाही.

आता सर्वांत गंभीर अपवाद. हाडाच्या इंजेक्शनबरोबर ज्यांची किमोही चालू आहे, त्यांनी कोणताही ताप ‘इंजेक्शनचाच असेल’ असे समजून घरी काढू नये. किमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी फार खाली आलेल्या असतात आणि त्या वेळी होणारा संसर्ग काही तासांत जिवावर बेततो. घरी काचेचा नव्हे, तर डिजिटल थर्मामीटर ठेवावा. किमोवरील स्त्रीचा ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, तर गोळी देऊन सकाळची वाट बघू नये. रुग्णालयात फोन करावा आणि निघावे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. किमो संपलेल्या स्त्रीचाही ताप तीन दिवसांनंतर उतरत नसेल, किंवा सोबत खोकला, लघवीला जळजळ, हातावर सूज असेल, तर तो इंजेक्शनचा ताप राहिला नाही. उन्हाळ्यात ऊन लागणे आणि पावसाळ्यात हिवताप-डेंगू हीही कारणे असतात.

सहावी पायरी : कॅल्शियम सांभाळणे

ओठांभोवती मुंग्या येणे, बोटांची टोके बधिर होणे, पायाच्या पोटऱ्यांत किंवा हाताच्या पंजात गोळे येऊन बोटे आखडणे, ही कॅल्शियम घसरल्याची चिन्हे होत. झोलेड्रोनिकनंतर पहिल्या दोन आठवड्यांत आणि डेनोसुमॅबनंतर तर काही आठवड्यांपर्यंत ती दिसू शकतात. नुसत्या मुंग्या असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून रक्त तपासावे. पंजा आखडत असेल, छातीत धडधडत असेल, आकडी आली असेल किंवा श्वास अडकत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे.

कॅल्शियमची गोळी लिहून दिली असेल तर ती जेवणासोबत घ्यावी, एका वेळी एकच, उरलेली दुसऱ्या जेवणाला. थायरॉईडच्या गोळीपासून ती चार तास आणि लोहाच्या गोळीपासून किमान दोन तास दूर ठेवावी, नाही तर एकीचाही गुण येत नाही. गोळीने बद्धकोष्ठ होते. कोमट पाणी, पालेभाजी, भिजवलेल्या मनुका यांनी न भागल्यास डॉक्टरांकडून औषध घ्यावे, पण गोळी बंद करू नये. मात्र ज्यांच्या हाडात आजार पसरून रक्तातील कॅल्शियम मुळातच वाढलेले आहे, त्यांना डॉक्टर कॅल्शियमची गोळी मुद्दाम देत नाहीत. अशा स्त्रीने शेजारणीला मिळाली म्हणून स्वतः सुरू करू नये. कॅल्शियम वाढले की तहान फार लागते, लघवी वाढते, गुंगी येते आणि बोलण्यात असंबद्धपणा येतो. घरच्यांना तो आजारपणाचा थकवा वाटतो.

आहारात दूध, दही, ताक हे पहिले. पाव लिटर दुधातून साधारण ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. शेवग्याचा पाला बहुतेक प्रत्येक वाडीत उभा असतो आणि आपण त्याच्या शेंगा तेवढ्या खातो. त्या पाल्याची भाजी किंवा वरणात मूठभर पाला हा स्वस्त उपाय आहे. तीळ, राजगिरा, ज्वारीच्या भाकरीसोबत तिळाची चटणी, हेही चांगले. परंतु मोबाईलवर फिरणारा ‘गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खा, हाडे लोखंडासारखी होतात’ हा सल्ला या स्त्रियांनी अजिबात मानू नये. चुन्याने तोंडाचे अस्तर भाजते, त्याचे मोजमाप नसते, आणि ज्या तोंडाला महिनोन्‌महिने जपायचे आहे त्याच तोंडात तो जातो.

सातवी पायरी : पुढच्या महिन्यांत कशाकडे लक्ष ठेवावे

जबडा. हिरडीतून पांढुरके, खरबरीत हाड दिसणे किंवा जिभेला टोचणे, दात काढलेली जागा न भरणे, एक बाजू जड किंवा बधिर वाटणे, पू व घाणेरडा वास, विनाकारण हलू लागलेला दात : यांपैकी काहीही दिसले तर आठवडी बाजारातील किंवा तालुक्यातील कोणाकडूनही दात उपटून घेऊ नये. दाढ कितीही ठणकली तरी लवंग आणि पॅरासिटामॉलवर रात्र काढावी आणि सकाळी दंत महाविद्यालयाची वाट धरावी. कीड भरणे, दात स्वच्छ करणे, मूळनलिकेचा उपचार (रूट कॅनाल) हे इंजेक्शन सुरू असतानाही होऊ शकते. फक्त दंतवैद्याला औषधाचे नाव ठाऊक असावे. वर्षातून दोनदा तोंड दाखवावे.

मांडी. वर्षानुवर्षे ही औषधे घेणाऱ्या मोजक्या स्त्रियांच्या मांडीच्या हाडाला, काही आघात न होता, बारीक तडा जातो. त्याआधी काही आठवडे मांडीत किंवा जांघेत खोल, एकाच जागी दुखते आणि चालताना वाढते. एक्स-रे काढून घ्यावा आणि तोवर डोक्यावर पाण्याचा हंडा किंवा पाठीवर कापसाचे गाठोडे घेऊ नये. लेट्रोझोलमुळे होणारे दुखणे वेगळे असते : सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटे आणि दोन्ही गुडघे आखडलेले असतात आणि चालू लागल्यावर सैल होतात. ते त्रासदायक असले तरी धोक्याचे नाही, आणि त्यावर डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात.

पाठ. पाठीच्या मणक्यात नवे, रात्री वाढणारे दुखणे आणि त्यासोबत पाय लटपटणे, कमरेखाली बधिरपणा, लघवी अडणे किंवा नकळत होणे, हा इंजेक्शनचा परिणाम नव्हे. आजाराचा दाब मज्जारज्जूवर पडल्याची शक्यता असते. हाडवैद्याकडून पाठ चोळून घेण्यात एक दिवसही घालवू नये. पाय कायमचे जाण्यापूर्वी उपचार मिळाला तरच उपयोग होतो.

डोळा. सलाईननंतर काही दिवसांत डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन झाला नाही किंवा अंधुक दिसू लागले, तर ते डोळे येणे समजून औषधाच्या दुकानातील थेंब घालू नयेत, नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. हे क्वचितच होते.

लघवी कमी होणे, पायांना व तोंडावर सूज येणे, सतत मळमळणे ही मूत्रपिंडाची चिन्हे आहेत आणि पुढच्या तारखेची वाट न बघता क्रिएटिनिन तपासावे. डेनोसुमॅबवरील स्त्रियांनी पायाची लाल, गरम, दुखरी कातडी दाखवावी, कारण त्वचेचा संसर्ग या औषधात होऊ शकतो. शेतात काटा रुतला असेल तर जखम त्याच दिवशी धुवावी.

पडणे टाळण्यासाठी घरात दोन-तीन गोष्टी पुरतात : न्हाणीतले शेवाळ घासून काढणे, रात्री बाहेर जाताना बॅटरी, आणि पावसाळ्यात शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून) एकटीने न जाणे.

आठवी पायरी : तारखा आणि थांबवणे

झोलेड्रोनिकची तारीख पेरणीमुळे किंवा तापामुळे काही दिवस पुढे गेली, तर फारसे बिघडत नाही. फोन करून नवी तारीख घ्यावी. डेनोसुमॅबचे तसे नाही. ते बंद होताच आवरून धरलेली झीज एकदम वाढते आणि काही स्त्रियांच्या पाठीचे मणके एकामागून एक दबतात. सहा महिन्यांच्या इंजेक्शनला महिनाभरापेक्षा जास्त उशीर होऊ देऊ नये, आणि पैसे संपले किंवा योजनेची मर्यादा झाली म्हणून ते गुपचूप सोडून देऊ नये. अशा वेळी डॉक्टरांना खरे कारण सांगावे. डेनोसुमॅब थांबवताना त्याच्या जागी झोलेड्रोनिक देऊन हाडे सांभाळता येतात आणि ते बरेच स्वस्त आहे.

झोलेड्रोनिक मात्र थांबवल्यानंतरही हाडात वर्षानुवर्षे राहते. उपचार संपून फाईल पेटीत गेली तरी त्या औषधाचे नाव व शेवटच्या इंजेक्शनची तारीख आधारकार्डाच्या पाठीमागे चिकटवून ठेवावी, आणि पुढे कधीही दात काढण्याची वेळ आली तर दंतवैद्याच्या हाती आधी तो कागद द्यावा.